सायलीची आई

सायलीला पाहायला ओझरची मंडळी येणार होती, त्या दिवशी सकाळीच सोमनाथनं बायकोला सांगून टाकलं की पोहे तू कर, पण बाहेर घेऊन अंजली येईल. उज्वला कोथिंबीर निवडत होती. तिनं मान वर केली नाही आणि कारणही विचारलं नाही. मागं सिन्नरचं एक स्थळ असंच येऊन गेलं होतं. मुलगी पसंत होती, पत्रिका जुळत होती, देण्याघेण्याचा प्रश्न नव्हता. आणि तरी चार दिवसांनी मध्यस्थाचा निरोप आला होता: मुलीत खोट काढायला जागा नाही, पण आईला काही जुना आजार आहे का? शेवटी खाण तशी माती.

तो निरोप सोमनाथनं उज्वलाला जसाच्या तसा ऐकवला होता. तो काही वाईट माणूस नव्हता. अंबडला एका कंपनीत पाळ्या करून त्यानं पाथर्डी फाट्याजवळ स्वतःचं दोन खोल्यांचं घर केलं होतं. दारूला शिवत नव्हता, बायकोवर कधी हात उचलला नव्हता. पण गेल्या काही वर्षांत तिला लग्नाकार्याला बरोबर न्यायचं त्यानं हळूहळू बंद केलं होतं. एका हळदीला कुणीतरी त्याला विचारलं होतं, आईला आणलंस ते बरं केलंस, वहिनी कुठाय? त्यानं ते उज्वलाकडं बघूनच म्हटलं होतं.

ती एकोणचाळीस वर्षांची होती. बघणाऱ्याला साठीची वाटायची. वरचे पुढचे दात पडल्यानं ओठ आत गेला होता. भांगाच्या दोन्ही अंगांना टाळू दिसायची, उरलेले केस पांढरे, अंबाडा सुपारीएवढा. दोन्ही गालांवर वांगाचे काळपट डाग. कमरेतून ती पुढं वाकली होती, आणि खाली बसायचं तर आधी एका हाताचा टेकू घेऊन, दम धरून, एका अंगावर बसायची. तसं का, हे घरात कुणी तिला विचारलं नव्हतं, आणि तिनंही सांगितलं नव्हतं.

अंजली तिची धाकटी जाऊ, सोमनाथच्या भावाची, शेखरची बायको. दोघींच्या वयात जेमतेम एका वर्षाचं अंतर. पण अंजलीला एकच मुलगा, आणि त्याच्या वेळी ती तिच्या आईकडं तीन महिने पलंगावरून उतरली नव्हती. ती मनानं चांगली होती. त्या दिवशी येताना ती उज्वलासाठी आपली एक मोरपंखी साडी घेऊन आली, म्हणाली ताई, तुम्हीपण नीट नेसा. उज्वलानं ती साडी नेसली, वर पदर घेतला आणि गॅससमोर जाऊन उभी राहिली.

ओझरची चौघं आली. मुलगा भूषण, त्याचे आईवडील आणि मामा. मुलगा पुण्याला नोकरीला होता. सायलीला तो फोटोतच आवडला होता. ह्या घरात ती, तिची धाकटी बहीण तृप्ती, लहान ओम आणि आई अशी चौघं एका खोलीत झोपायची. पुण्यात स्वतःची खोली असेल, खिडकीला स्वतः निवडलेला पडदा असेल, असं ती तृप्तीला सांगायची. उज्वला ते ऐकून घ्यायची.

बाहेर प्रश्नोत्तरं झाली, पोहे झाले. मग मुलाची आई, मंदाताई, घर तरी बघू म्हणत उठल्या. घर बघायच्या निमित्तानं बायका आधी स्वयंपाकघर बघतात. अंजली घाईनं पुढं झाली, पण मंदाताई तिच्याआधी आत पोचल्या होत्या. उज्वला चहा गाळत होती. पाठीला बाक, डोक्यावर पदर, तोंडाचं बोळकं. मंदाताईंनी एक नजर टाकली.

"सासूबाई का तुमच्या?" त्यांनी अंजलीला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पदर खोचून खाली वाकल्या.

उज्वला वळली, पाय मागं घेऊ लागली. मागं ओटा होता. पन्नाशी उलटलेल्या, केस काळे केलेल्या, दणकट बांध्याच्या त्या बाईनं तिच्या दोन्ही पायांना हात लावला आणि तो आपल्या कपाळाला टेकवला.

अंजलीचा चेहरा उतरला. ती काहीतरी बोलायला गेली, तेवढ्यात मागून सोमनाथ आला. झालं काय ते त्याला दिसलं. तो घुटमळला, पण फार नाही.

"हो, आमची आई," तो म्हणाला. "कानानं जरा कमी आहे तिला."

"आणि सायलीची आई?"

"माहेरी गेलीये. भाऊ आजारी आहे तिचा. एकाएकी निघावं लागलं."

सायली रिकाम्या बश्या घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मायलेकींची नजरानजर झाली. उज्वलाला वाटलं, आता ही बोलेल. सायलीनं बश्या ओट्याच्या कडेला ठेवल्या, साडीच्या निऱ्या सारख्या केल्या आणि ती परत बाहेर जाऊन बसली. उज्वलानं चहा गाळायचा राहिला होता तो गाळला.

संध्याकाळी होकार आला. सोमनाथ पेढे घेऊन आला, आणि कपडे बदलायच्याही आधी त्यानं स्टुलावर चढून आपल्या आईचा हार घातलेला फोटो भिंतीवरून उतरवला. कुसाबाईला जाऊन चार वर्षं झाली होती. पाहुण्यांच्या तो फोटो लक्षात आला नाही हे आपलं नशीब, असं तो म्हणाला, आणि फोटो कपाटात गाद्यांच्या मागं ठेवून दिला.

मग त्यानं उज्वलाला समोर बसवून पुढचं सगळं समजावलं. साखरपुड्याला अजून अवकाश होता. तेवढ्यात तिला कवळी बसवून घ्यायची, केस काळे करायचे, पार्लरमध्ये जाऊन तोंडाचं काय होतं ते बघायचं. मग सायलीची आई माहेरून परत आली असं सांगायचं. आजी गावाला गेली म्हणायचं. मंदाताईंनी पदराआडून ओझरतं पाहिलंय, त्यांना काय ओळखू येतंय. उज्वलानं हो म्हटलं. लेकीचं बस्तान बसत असेल तर तिची कशालाच ना नव्हती.

दातांच्या डॉक्टरनं तोंड बघितलं आणि राहिलेलेही बहुतेक दात हलताहेत, ते काढल्याशिवाय कवळी बसायची नाही असं सांगितलं. कधीपासून पडायला लागले, त्यानं विचारलं. पहिलीच्या वेळेपासून, ती म्हणाली. डॉक्टरला ते कळलं नाही. त्यानं सुई टोचली. ओठ बधिर झाले, आणि त्या खुर्चीत तोंड उघडं ठेवून बसल्या बसल्या उज्वलाला दिंडोरीकडचं सासरचं घर आठवत राहिलं.

सायली झाली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. केस तेव्हा कमरेखाली यायचे, आणि ती नहायला बसली की आळीतल्या पोरी बघायला यायच्या. मुलगी झाली म्हटल्यावर कुसाबाईनं बाळंतिणीच्या लाडवांचा डिंक परत दुकानात पाठवला. बारशाच्या दुसऱ्या दिवशी उज्वला टमाट्याच्या वावरात होती. बाळ झोळीत, आणि अंगावरचं दूध ब्लाऊजमधून गळतंय. हिरड्यांतून रक्त यायचं ते तिला आधी तिखटामुळं वाटलं. पहिली दाढ तिच्या हातात भाकरीबरोबर आली. तृप्तीच्या वेळी केस गेले, मुठीमुठीनं. त्यानंतर दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळी तिला एका बंगल्यात मागच्या दारानं नेलं. तिथून आल्यावर दुसऱ्या दिवशी तिनं पाण्याचे हंडे वाहिले, कारण घरात कुणाला काही कळता कामा नये असं ठरलं होतं.

मग ओम झाला. त्या वेळी मात्र कुसाबाईनं डबाभर लाडू केले, डिंक, खारीक, खोबरं, काही कमी नाही. पण तोवर उज्वलाच्या तोंडात लाडू फोडायला दात राहिले नव्हते. तिनं ते दुधात भिजत घालून खाल्ले. आणि ओमनंतरच, एक दिवस धुण्याची बादली उचलताना, तिला अंगातून काहीतरी खाली सरकल्यासारखं वाटलं.

दात काढून आली तेव्हा तिचा जबडा सुजला होता. दोन दिवस ती पेजेवर होती. तिसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना दार वाजलं. मंदाताई होत्या, हातात साड्यांची पिशवी. जवळच नातेवाइकांकडं आले होते, म्हणाल्या, सायलीला रंग दाखवावेत म्हटलं. बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं त्या मोठ्यानं बोलत होत्या. उज्वलानं पदर तोंडाशी धरला, त्यांना बसवलं आणि चहा टाकला.

मंदाताई इकडंतिकडं बघत राहिल्या. चहा पुढं आला तेव्हा त्यांनी उज्वलाचा हात धरला आणि शेजारी बसवलं.

"आजी, तुम्ही वडीलधाऱ्या," त्या म्हणाल्या. "खरं काय ते सांगा. मी आसपास विचारलं, कुणी नीट बोलत नाही. सायलीची आई पळूनबिळून गेलीये का? तसं असेल तर आम्हाला आधी कळायला पाहिजे."

उज्वलाच्या तोंडात हिरड्यांवर कापूस होता. तिनं तो काढला, पदराच्या टोकात गुंडाळला.

"सायलीची आई मीच हाय," ती म्हणाली.

मंदाताईंना ऐकू आलं होतं, तरी त्यांनी परत विचारलं. उज्वलानं परत सांगितलं. आणि सोमनाथनं जे सांगितलं ते खोटं होतं, कान तिचे चांगले आहेत, सासू मरून चार वर्षं झाली, हेही सांगितलं. एकदा तोंड उघडल्यावर तिला थांबता आलं नाही.

"वय काय तुमचं?"

"चाळीस लागंल आता."

"काय आजार आहे तुम्हाला?"

"आजार नाय काही. पोरं झाली."

मंदाताईंनी चहा घेतला नाही, पण भरलेला कप स्वतः उचलून आत ओट्यावर नेऊन ठेवला. जाताना दारात थांबून त्यांनी उज्वलाकडं एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्या नजरेत तिरस्कार नव्हता. पाणी किती खोल आहे ते काठावरून बघावं, तसं त्या बघत होत्या. साड्यांची पिशवी त्या परत घेऊन गेल्या.

रात्री सोमनाथ ओरडला नाही. त्यानं फक्त ताट बाजूला सारलं. बोलली ती सायली.

"दोन महिने गप्प बसता आलं नसतं का तुला?"

"तुझी आई पळून गेली म्हणत होती ती."

"म्हणू दे ना. काय बिघडलं असतं?"

उज्वलानं सोमनाथनं सारलेलं ताट उचललं.

पण स्थळ मोडलं नाही. ओझरहून मध्यस्थामार्फत निरोप आला, की झालं ते झालं, मुलगी आम्हाला आवडलेली आहे. फक्त एकदा तिची डॉक्टरकडून पूर्ण तपासणी करून घ्या. दात, हाडं, रक्त, आणि बायकांचं सगळं. आईसारखं काही अंगात नाही ना, एवढं कळलं की पुरे. सोमनाथचा जीव भांड्यात पडला. भलेपणानं मागताहेत, त्यात काय चूक आहे, असं तो म्हणाला. सायलीनं भूषणला फोनवर विचारलं, तुलाही हे पाहिजे का? आई म्हणतेय तर करून टाक, त्यानं सांगितलं.

सोमनाथची पाळी होती म्हणून तपासणीला उज्वला बरोबर गेली. रिक्षात सायली बाहेर बघत बसली होती. डॉक्टर एक मध्यमवयीन बाई होती. तिनं सायलीला आत नेऊन तपासलं, रक्त घेतलं, आणि हे सगळं कशासाठी चाललंय ते सायलीकडून काढून घेतलं. मुलगी ठणठणीत आहे, तिनं सांगितलं. मग ती उज्वलाकडं वळली. एवढा वेळ ती भिंतीला टेकून उभीच होती.

"तुम्ही बसत का नाही?"

बसताना त्रास होतो, उज्वला पुटपुटली. डॉक्टरनं तिला पडद्याआड घेतलं. उज्वला नको नको म्हणत होती, पैसे लेकीच्या तपासणीचे आणलेत म्हणत होती. पडद्याच्या अलीकडं सायली बसली होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं.

गर्भपिशवी पूर्ण बाहेर येत होती. कधीपासून, डॉक्टरनं विचारलं. धाकटा झाल्यापासून. धाकटा केवढा आहे? सहावीला. मग कामं कशी करता? कापडाची घडी लावते, उज्वला म्हणाली, जास्तीच खाली आलं तर हातानं आत सारते. आणि किती वेळा दिवस राहिले होते?

"सात."

"मुलं?"

"तीन. दोन आपसूक गेली. दोन काढून आणली." आणि मग, हळू आवाजात, "पोरी होत्या."

डॉक्टर बाहेर आली तेव्हा तिनं सायलीलाच समजावून सांगितलं. तिथं जखम झाली होती, तिचा तुकडा तपासायला पाठवावा लागेल. अंगात रक्त नाही, आधी रक्त चढवायचं आणि मग पिशवी काढायची. लग्न वगैरे नंतर बघा, हे थांबायचं नाही. पडदा सारून उज्वला लुगड्यासारखी गुंडाळलेली साडी सावरत बाहेर आली. तिला डॉक्टरला काहीतरी विचारायचं होतं, पण लेकीसमोर तिला लाज वाटत होती. शेवटी विचारलंच.

"ऑपरेशन झाल्यावर तोंडावर काही फरक पडंल का?"

दुखणं थांबेल, डॉक्टर म्हणाली. गेलेलं परत येत नाही.

घरी आल्यावर सायलीनं बापाला सगळं सांगितलं. सोमनाथनं ऐकून घेतलं. त्याला वाईट वाटलं नाही असं नव्हतं. पण एवढी वर्षं काढली, आता दोन महिन्यांनी काय होतंय, लग्न उरकलं की दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेतो, असं त्याचं म्हणणं पडलं. उज्वलाही तेच म्हणाली. सायली म्हणाली, आधी आईचं ऑपरेशन, मगच साखरपुडा. बापलेकीत पहिल्यांदाच शब्दाला शब्द लागला. त्यात तिनं त्या काढलेल्या दोन पोरींचं नाव घेतलं, आणि सोमनाथ घरातून उठून गेला.

ओझरला निरोप गेला की तारीख पुढं ढकलावी लागेल, मुलीच्या आईचं ऑपरेशन आहे, पिशवी काढायचीय. मंदाताईंनी तीन-चार दिवस घेतले आणि मग नाही कळवलं. भूषणचा फोन लागेना. सायली तृप्तीच्या गळ्यात पडून रडली, आणि आई आत आली तशी डोळे पुसून भांडी घासायला बसली. उज्वलाला तिनं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं उज्वलाला वाटलं.

ऑपरेशन झालं. जखमेत कॅन्सर निघाला नाही. आठ खाटांच्या त्या वॉर्डात उज्वला उताणी पडून असायची, आणि अंजली आणि सायली आळीपाळीनं तिच्याजवळ बसायच्या. एके दिवशी दुपारी सोमनाथ डबा घेऊन आला. डबा खाली ठेवता ठेवता त्यानं सांगितलं, भूषणचं जमलं, चांदवडची मुलगी, धरलेल्या मुहूर्तावरच करताहेत. कुणाकडं बघून नव्हे, तसाच हवेत बोलल्यासारखा बोलला आणि पाळीला उशीर होतो म्हणून निघून गेला. सायली उठली, पाण्याची बाटली घेऊन बाहेर गेली. परत यायला तिला वेळ लागला. आली तेव्हा बाटली रिकामीच होती.

"दुसरं येईल स्थळ," उज्वला म्हणाली. दातांशिवाय तिचे शब्द ओले, अर्धवट यायचे. "याहून चांगलं."

"येऊ दे." सायलीनं डबा उघडला, वरणभात कालवला, गाठी राहू नयेत म्हणून बोटांनी बारीक केला. "लग्न करीन मी. पण मूल नको मला, आई. कधीच नको."

ती रागानं बोलली नव्हती. भाजी आणायची नाही म्हणावं, तशी बोलली. उज्वलाला वाटलं होतं, असं काही कानावर आलं तर आपल्याला सुटल्यासारखं वाटेल. आपल्यासारखी गत लेकीची व्हायची नाही, एवढंच तर तिला पाहिजे होतं. पण सुटल्यासारखं वाटलं नाही. ही आपल्याकडं बघून ठरवतेय. रोज सकाळसंध्याकाळ हे तोंड, ही टाळू, हा बाक बघून हिनं हिशेब केला, आणि तो हिला परवडला नाही. हिच्याच जन्माचा हिशेब.

तिला सांगावंसं वाटलं की तू झालीस तेव्हा सगळ्यांची तोंडं पडली होती, पण सुइणीनं तुला माझ्या अंगावर टाकलं आणि तुला उचकी लागली. एवढीशी होतीस, उचकीसरशी सगळं अंग उडायचं तुझं. मला हसू आलं होतं. त्या घरात मी एकटी हसत होते. पण हे आता सांगून ते खरं वाटलं नसतं. आणि ते तेवढ्या सगळ्याला पुरेसं होतं की नाही, हे तिचं तिलाही नक्की सांगता आलं नसतं.

"बरं," ती म्हणाली.

सायलीनं घास पुढं केला. उज्वलाला तोंड फिरवून भिंतीकडं वळायचं होतं, पण टाके ओढले, कुशीवर होता येईना. तेव्हा तिनं लेकीकडं बघतच तोंड उघडलं.